गाडीतल्या चार जागा

अध्यक्षीणबाईंच्या अँबेसेडरमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी त्या स्वतः बसत आणि मागे दाटीवाटीनं चार बायका मावत. म्हणून आर्वीच्या आमच्या महिला क्लबातून नागपूरच्या रमीच्या स्पर्धेला दरवर्षी चारच जणी जात. त्यामागे दुसरा काही नियम नव्हता. गाडी मोठी असती तर पाच गेल्या असत्या आणि मला हे लिहायला बसावं लागलं नसतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचे हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होते आणि बदली होऊन आम्ही आर्वीला आलो त्याला तीन वर्षं झाली होती. हे सकाळी जीपमधून साईटवर जात ते दिवेलागणीला परत येत. मी गणित घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली. तिसऱ्या वर्षाला लग्न झालं आणि ते गणित धोब्याच्या आणि दुधाच्या हिशोबात गेलं. त्याचा राग माझ्या मनात कायम असायचा. तो कुणावर काढावा हे कळत नसे, म्हणून मी तो रमीवर काढत असे. क्लबात माझ्याइतकी चांगली रमी कुणी खेळत नव्हतं, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे.

क्लब म्हणजे तहसिलीजवळची इंग्रजांच्या वेळची बैठी इमारत. संध्याकाळी तिथं साहेब लोक येत, बुधवार-शनिवारच्या दुपारी आम्ही. कापसाच्या दिवसांत जिनिंगमधली तूस हवेत उडून टेबलाच्या हिरव्या कापडावर येऊन बसायची. दर डावाआधी कुणीतरी ती पदरानं झटकायची. बाहेर रस्त्यावर कापसाच्या बंड्यांची रांग लागलेली असे आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा पार दुपारभर ऐकू येत. सगळ्यांना तो आवाज आवडे. मला त्या आवाजानं रडू यायचं.

आम्ही ज्या घरात भाड्यानं राहायचो त्या घराची मालकीण माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी होती. मी तिला काकू म्हणायची, ती मला नुसतं 'बाई'. तिच्या घरची शेती होती, नवरा गावात वजन असलेला, बोलायला करडा. काकूला क्लबात मीच नेलं. घरमालक आधी नाही म्हणाले होते, पण तिथं तहसीलदारीणबाई येतात आणि अध्यक्षीणबाईही येतात असं कळल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. अध्यक्षीणबाईंची जिनिंग फॅक्टरी होती आणि घरमालकांचा कापूस तिथंच जायचा. आपली बायको त्यांच्या टेबलावर बसते हे ते पानाच्या ठेल्यावर सांगत, असं ह्यांनी मला एकदा हसून सांगितलं होतं.

काकूला एक मुलगी होती. कॉलेजात नागपूरला शिकायला ठेवली होती, तिथंच तिनं परजातीतल्या मुलाशी लग्न केलं. घरमालकांनी तिच्या नावानं आंघोळ केली. खरोखरची, विहिरीवर, चार लोकांसमोर, कुणी मेल्यावर करतात तशी. त्यानंतर त्या घरात तिचं नाव निघालं नाही. मुलगी मग माझ्या पत्त्यावर पत्र पाठवू लागली. काकूला अक्षर लावत लावत वाचता येई, पण ती पत्र माझ्याकडून वाचून घ्यायची. दुपारी मागच्या दारानं यायची, चुलीपुढं बसल्यासारखी उकिडवी बसायची आणि म्हणायची, "वाच बाई." वाचून झालं की पत्र माझ्याच ट्रंकेत राहायचं.

दिवाळीनंतर आलेल्या पत्रात दोन गोष्टी होत्या. मुलगा चार महिन्यांचा झाला, आणि जावयाला आसामात नोकरी लागली. संक्रांत झाली की ते तिकडं जाणार होते. तिथून येण्या-जाण्याला किती दिवस लागतात हे काकूनं मला विचारलं. मी भूगोलाच्या पुस्तकातलं आठवून सांगितलं, जायलाच तीन-चार दिवस.

मी म्हटलं, आपण दोघी एसटीनं जाऊ, सकाळी निघून संध्याकाळी परत. तिनं मानेनंच नाही म्हटलं. डेपोतला कंट्रोलर तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा, कंडक्टर गावातला, उतरल्यावर कोण भेटेल सांगता येत नाही. "ते मले घरात नाई घेनार मंग," ती म्हणाली. तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं.

मग गाडी तिलाच सुचली. क्लबाची स्पर्धा डिसेंबरात, नागपूरची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. चार जणींत तिचा नंबर लागला तर ती अध्यक्षीणबाईंच्या गाडीतून उजळ माथ्यानं नागपूरला जाईल. नवरा अध्यक्षीणबाईंना नाही म्हणू शकणार नाही. तिथं गेल्यावर तासाभरासाठी मी तिला कुठंतरी नेऊन आणणार. मुलीचं घर स्पर्धेच्या जागेपासून रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांवर होतं, ते तिनं माझ्याकडून पत्र लिहून विचारून घेतलं आणि स्पर्धेचा दिवसही कळवून ठेवला. आता सगळं एका गोष्टीवर येऊन अडलं होतं. काकू रमी बरी खेळायची, पण चार जणींत यायची नाही.

मी तिला शिकवायला घेतलं. रोज दुपारी माझ्या स्वयंपाकघरात, चटईवर.

आमच्याकडे एकशेएकाची रमी चाले. प्रत्येकीला तेरा पत्ते. जी आधी सगळे पत्ते जुळवून दाखवील तिला शून्य, बाकीच्यांच्या हातात जे जुळलेलं नसेल त्याचे पॉईंट त्यांच्या नावावर चढत. एकशेएक झाले की ती बाहेर. हात वाईट आला तर पहिला पत्ता उचलायच्या आधीच 'पॅक' म्हणून पत्ते पालथे ठेवायचे, त्याचे फक्त वीस. आणि एक अट. जोकर न लावता एकाच रंगाचे सलग तीन पत्ते हातात पाहिजेत, त्याला प्युअर म्हणायचं. प्युअर नसला तर बाकी कितीही जुळलेलं असो, सगळे पत्ते मोजायचे.

एवढं काकूला येत होतं. मी तिला जे शिकवलं ते वेगळंच होतं. मी म्हटलं, काकू, ह्या स्पर्धेत पहिला नंबर नाही. शून्यावर असलेलीलाही गाडीत तीच जागा आणि शंभरावर असलेलीलाही तीच. मग आपल्याला जिंकायचं कशाला? आपल्याला फक्त उरायचं आहे. पाच जणी उरल्या आणि चार जागा असल्या, की तेव्हा हात वाईट आला तर पॅक, आणि हात चांगला आला तरी पॅक. आपल्यापेक्षा जिचे जास्त झालेत ती पडेपर्यंत हात बांधून बसायचं.

तिला हे पटेना. ताक आंबलं तरी न फेकणारी बाई ती. "लागलेला हात टाकाचा?" तिनं विचारलं. "लक्षुमी घरी आली तं तिले दारातून वापस धाडाची?"

"धाडायची," मी म्हटलं.

मी मुद्दाम तिला चांगले पत्ते काढून द्यायची आणि ते टाकायला लावायची. दोन जोकर, एक्का-बादशहा-राणी, सगळं. सुरुवातीला तिचे हात थबकत. पत्ते पालथे घालताना ती चेहरा दुसरीकडे वळवायची. हळूहळू तिला ते जमू लागलं. मला त्या शिकवण्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू. किती वर्षांनी कुणीतरी माझं गणित ऐकत होतं.

शेवटच्या आठवड्यात मी आणखी एक गोष्ट ठरवून टाकली. शेवटी आपण दोघीही टेबलावर असू, तर एकमेकींच्या आडवं जायचं नाही. एक डावात असली की दुसरीनं पॅक करायचं, हात कसाही असो. हे खरं म्हणजे खेळाच्या नियमाला धरून नव्हतं. पण मीच ते सुचवलं, आणि काकूनं मान डोलावली.

स्पर्धा शनिवारी सकाळी अकराला सुरू झाली. दहा जणी, दोन टेबलं. तहसीलदारीणबाई स्वतः खेळायच्या नाहीत, त्या पाटी घेऊन पॉईंट लिहीत. काकू नवी नऊवारी नेसली होती, हिरवी, आणि ती सकाळपासून काही न खाता आली होती, हे मला तिच्या ओठांवरून दिसत होतं. जेवणाच्या सुट्टीत बायका डबे उघडून बसल्या तेव्हाही ती नुसतं पाणी प्यायली. त्या दिवशी तिनं दोन चांगले हात टाकले. दुसऱ्या वेळी तिच्या शेजारच्या बाईनं ते पत्ते पाहिले आणि ती मोठ्यानं म्हणाली की असा हात कुणी टाकतं का. काकूनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मला तिचा अभिमान वाटला.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही पाच जणी उरलो. पाटीवर माझे सतरा होते. काकूचे छप्पन्न. मास्तरीणबाई आणि रजिस्ट्रारीणबाई ह्यांचे साठाच्या आसपास. आणि डॉक्टरीणबाई एक्याण्णववर. आता त्यांना पॅकही करता येणार नव्हतं, वीस मिळवले की त्या बाहेरच. प्रत्येक डाव खेळणं त्यांना भाग होतं. एक बाई पडली की आम्ही चौघी गाडीत.

डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडलेल्या होत्या. गेल्या वर्षी मी त्यांना बाहेर काढलं होतं. पत्ते वाटले जात होते तेव्हा त्या हसत म्हणाल्या, "ओव्हरसीअरीणबाईंनी पळ काढायचा क्लास उघडलाय. स्वतः वाघीण, शिष्यांना मात्र शेपूट घालायला शिकवतात." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते माझ्या डोक्यात गेलं.

मी पत्ते उचलले. बदामाची सत्ती, अठ्ठी, नव्वी. हातातच प्युअर. दोन जोकर. तीन दश्श्या. एका पत्त्याचं काम होतं. इतका सुरेख हात मला त्या वर्षभरात आला नव्हता.

मास्तरीणबाई पॅक. रजिस्ट्रारीणबाई पॅक. डॉक्टरीणबाईंनी पत्ता उचलला, त्यांना उपाय नव्हता. मग काकूची पाळी. ती पत्त्यांकडे पाहत बसली. सकाळपासून दोन हात टाकलेली ती बाई तिसऱ्याशी झगडत होती हे मला दिसत होतं. आणि ती चुकत होती असंही म्हणता येणार नाही, सगळ्यांनीच पॅक केलं असतं तर डॉक्टरीणबाई तो डाव फुकट जिंकल्या असत्या. कुणीतरी त्यांच्यासमोर उभं राहायला हवंच होतं. काकूनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि गड्डीतला पत्ता उचलला.

आता मी पॅक करायचं होतं. सतराचे सदतीस झाले असते, माझं नख दुखलं नसतं. ती डावात होती, ठरलं होतं, मीच ठरवलं होतं.

त्या दोन-चार क्षणांत मी काय विचार केला तो मला अजून शब्दान्‌शब्द आठवतो. डॉक्टरीणबाई दहा पॉईंटांत मरतात. काकूला मरायला पंचेचाळीस लागतात. तिनं उचललंय म्हणजे तिचा हात चांगला आहे, पंचेचाळीस तिच्याकडे निघणारच नाहीत. म्हणजे मी खेळले तर डाव लवकर संपेल आणि पडतील त्या डॉक्टरीणबाईच. हिशोब बिनचूक होता. त्या हिशोबाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती मी तेव्हा स्वतःलाही सांगितली नाही. तो हात मला टाकवत नव्हता. काकूला जे मी महिनाभर करायला लावलं ते मला एकदासुद्धा करवत नव्हतं.

मी पत्ता उचलला. काकूनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता प्रश्न होता. मी तिच्याकडं पाहायचं टाळलं.

तिसऱ्या फेरीला मला हवा तो पत्ता आला. मी तेरा पत्ते टेबलावर पसरले आणि 'शो' म्हटलं. माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला.

डॉक्टरीणबाईंनी आपले पत्ते दाखवले. त्यांनी पहिल्यापासून मोठे पत्ते फेकून दिले होते. जिंकायचं त्यांच्या मनातच नव्हतं. प्युअर होता, आणि बाकी तिर्री, चौकी असलं किडूकमिडूक. सात पॉईंट. अठ्ठ्याण्णव. मी जे काकूला शिकवलं होतं ते डॉक्टरीणबाई कुणी न शिकवता खेळल्या होत्या.

मग काकूनं पत्ते ठेवले. तीन बादशहा. तीन राण्या. दोन जोकर. बदामाची पंजी, छक्की आणि आणखी काही. सगळं होतं, प्युअर तेवढा नव्हता. ती बदामाच्या सत्तीची वाट पाहत बसली होती आणि ती सत्ती माझ्यासमोर टेबलावर पडलेली होती. प्युअर नाही म्हणून सगळे पत्ते मोजायचे. तहसीलदारीणबाईंनी मोजायला सुरुवात केली. साठाच्या वर गेल्यावर त्यांनी मोजणं थांबवलं आणि पाटीवर काकूच्या नावावरून रेघ मारली.

काकू उठली. पदर सारखा केला. सगळ्यांना नमस्कार केला, डॉक्टरीणबाईंनाही. मला म्हणाली, "मी होते पुढं, घरी काम हाये." ती दारातून बाहेर पडली तेव्हा रस्त्यावर बंड्यांची रांग होती, आणि ती वाट मिळेपर्यंत उन्हात बराच वेळ उभी राहिलेली मला खिडकीतून दिसत होती.

अध्यक्षीणबाई चौघींची नावं कागदावर लिहून घेत होत्या. नागपूरच्या क्लबाला त्याच दिवशी पत्र जाणार होतं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, माझी जागा काकूंना द्या, मला जमणार नाही. काहीही कारण चाललं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण तीन वर्षांत ह्या स्पर्धेच्या फेरीखेरीज मी आर्वीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं आणि नागपूरच्या टेबलावर बसलेली मी मला रोज दिसायची. मी माझं नाव नीट लिहिलंय ना एवढं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी काकूकडं गेले आणि म्हटलं, माझ्या जागी तुम्ही जा. पत्र गेलेलं आहे हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ती अंगणात दाणे पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "राहू दे बाई. नाव गेलं ना तुयं." माझी सुटका झाली आणि त्या सुटकेची मला लाज वाटली.

जानेवारीत आम्ही निघालो. निघायच्या आदल्या दुपारी काकू मागच्या दारानं आली. जुन्या लुगड्याचं शिवलेलं दुपटं, एक टोपरं आणि डब्यात सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या. पोरीला आवडतात म्हणून. कोथिंबीर त्या दिवसांत बाजारात ढिगानं असायची, सबंध घराला तिचा वास आला असेल, नवऱ्याला काय सांगितलं कोण जाणे. तिनं मला फक्त एक काम सांगितलं. "लेकराचे डोये कोनासारखे हायेत ते पाहून येजो. तिनं पत्रात लिहिलं नाई."

तळेगाव, कारंजा, कोंढाळी. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग होते. मागच्या सीटवर आम्ही चौघी अंग चोरून बसलो होतो आणि डॉक्टरीणबाई सारख्या बोलत होत्या. डबा माझ्या मांडीवर होता. नागपुरात मी पहिल्याच फेरीत बाहेर पडले. हातात पत्ते आले की मला काही सुचत नव्हतं. खेळायचे ते डाव टाकले, टाकायचे ते खेळले. अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू गाडीतली एक जागा वाया गेली. मी त्यांना नातेवाइकांकडे जाऊन येते असं सांगून सायकलरिक्षा केली.

मुलगी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. कडेवर मूल. तिला कुणी कळवलंच नव्हतं की आई येणार नाही. ते काम माझं होतं, आणि ते मी केलं नव्हतं. रिक्षा थांबली तशी ती पुढे आली, माझ्याकडं बघून हसली, आणि वाकून माझ्या पलीकडं रिक्षाच्या रिकाम्या भागात पाहू लागली.

"आई मागून येऊन राह्यली का?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. आई शेवटच्या पाचात आली होती आणि थोडक्यात गेली. कुणामुळं गेली हे मी सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलगी काही रडली-बिडली नाही. घरात गेल्यावर मी पाहिलं, तिनं दोन माणसांची ताटं वाढून झाकून ठेवली होती. खोलीत बांधाबांध झालेली होती, ट्रंकांना दोऱ्या आवळलेल्या होत्या. सांबारवडी तोंडात घालताना ती म्हणाली, आईच्या हातची नाही वाटत, तिखट कमी पडलं. मी म्हटलं, तिचीच आहे. मग तिनं दुसरी घेतलीच नाही, डबा झाकून बाजूला ठेवला.

मी मूल मांडीवर घेतलं. डोळे काकूचे होते. थोडे बाहेर आलेले, पापण्या जड. ते मला टक लावून पाहत होतं. मला ते पोर मांडीवर धरवेना.

परत आल्यावर मी काकूला सांगितलं, डोळे तुमचे आहेत. ती म्हणाली, "माह्येच? मंग रडके असतीन." आणि मग तिनं पदर तोंडाला लावला. माझ्या स्वयंपाकघरात, उकिडवी बसून, तिचे खांदे हलत राहिले. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला पाहिजे होता. मी भांडी घासत राहिले.

संक्रांतीनंतर ती माणसं आसामात गेली. पहिले काही महिने पत्रं आली, मग दोन-दोन महिन्यांनी, मग एक फोटो आला आणि त्यानंतर बराच काळ काही आलं नाही. फोटो माझ्या ट्रंकेत होता. काकू आठ-पंधरा दिवसांनी येऊन तो पाहून जायची. आमची बदली झाली तेव्हा मी तो तिला देऊ लागले, तर ती म्हणाली, ठेवू कुठं? तो अजून माझ्याकडं आहे. मुलगी नंतर एकदाच आली, घरमालक गेल्यावर. तोवर काकूही राहिली नव्हती, हे मला पत्रानं कळलं.

मला सांगायचंय ते मात्र आमची बदली होण्याआधीच्या दोन वर्षांतलं. काकूनं क्लब सोडला नाही. मला वाटलं होतं सोडेल. ती दर बुधवार-शनिवार माझ्याबरोबर यायची, टेबलाशी बसायची, वाटलेले तेरा पत्ते उचलायची, सावकाश हातात लावायची. एकदा नीट पाहायची. मग पालथे घालायची आणि म्हणायची, "पॅक." प्रत्येक डावाला. पाच डावांत तिचे शंभर व्हायचे, सहाव्यात ती बाहेर पडायची, आणि मग खुर्ची सरकवून दुसऱ्यांचा खेळ बघत बसायची. बायका आधी हसल्या, मग त्यांना सवय झाली. कुणीतरी म्हणालं, काकूंना हल्ली चांगले पत्तेच येत नाहीत. काकू म्हणाली, "हो ना बाप्पा, नशीबच तसं हाये."

मी तिला विचारलं नाही. मी विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं, आणि तेच मला नको होतं.

एका शनिवारी डाव संपल्यावर पत्ते गोळा करायचं काम माझ्याकडं आलं. काकूनं नेहमीप्रमाणं पहिल्याच पाळीला पॅक केलं होतं. मी तिचे तेरा पत्ते उचलले तेव्हा एक-दोन माझ्या हातातून उलटे पडले, म्हणून मी ते सगळेच सरळ केले. इस्पिकची तिर्री, चौकी, पंजी, छक्की. चौकटची नव्वी, दश्शी, गुलाम. तीन बादशहा. तीन एक्के. जोकर एकही लागला नव्हता. वाटतानाच तिच्या हातात सगळा हात लागून आला होता, एकही पत्ता उचलायची गरज नव्हती. नुसते पसरायचे होते. आणि तिनं ते चारी संच ओळीनं लावूनही ठेवले होते, म्हणजे तिला दिसलं होतं.

मी मान वर केली. ती समोर बसून पदरानं टेबलावरची तूस झटकत होती. तिनं माझ्या हातातल्या पत्त्यांकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"बराबर टाकला ना, बाई?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं. ते पत्ते बाकीच्यांत मिसळले आणि पिसायला घेतले.